प्रकल्प नोंदी: एक शेगडी, अर्धा तास, आठ पदार्थ

३ मार्च

संध्याकाळी भाचीचा फोन. पंधरा दिवसांपूर्वी तिने स्वतंत्र खोली घेतली. स्वयंपाकघर म्हणजे एक शेगडी आणि हातभर ओटा. "मामा, मध्यम आच म्हणजे नेमकी किती रे?" कृतीत लिहिलं होतं की मध्यम आचेवर पाच मिनिटांत कांदा तांबूस होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कांदा पांढराच. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिने गॅस मोठा केला आणि कांदा करपला. रात्री बिस्किटं खाऊन झोपली.

वीस-बावीस वर्षं मी रोज स्वयंपाक करतोय, तरी त्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही. "फार मोठी नको, फार बारीकही नको," असं काहीतरी बोललो. त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांनीही असंच विचारलं होतं. काकूंना जाऊन चार महिने झाले. काकांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नाही. "मला दोन-चार गोष्टी येऊ देत, म्हणजे रोज कुणाकडे बघत बसायला नको," एवढंच म्हणाले.

ठरलं. आठ पदार्थ, आठ कार्डं. एक शेगडी, एक पातेलं, एक कढई. मिक्सर नाही, ओव्हन नाही. कांदा हातात घेतल्यापासून ताटात पदार्थ येईपर्यंत अर्धा तास. एका कार्डावर एका माणसापुरतं माप.

५ मार्च

सामानाची यादी. झाकणाचं दोन लिटरचं पातेलं, झाकणाचीच २४ सेंटीमीटरची पसरट कढई, एक धारदार सुरी, कापायची फळी, चाळणी, लाकडी उलथनं, मापाचे चमचे, लहान वजनकाटा.

वजनकाट्याबद्दल बराच विचार केला, कारण नवशिक्याला आणखी एक वस्तू घ्यायला सांगणं जिवावर येतं. पण वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. 'कप' हे मापसुद्धा कुठे २५० मिलिलिटर, कुठे २४०. चमच्यांचं मात्र पक्कं आहे: लहान ५ मिलिलिटर, मोठा १५. म्हणून पाणी आणि तेल चमच्याने किंवा मापाच्या भांड्याने, बाकी सगळं ग्रॅममध्ये.

मिठावरच अर्धी संध्याकाळ गेली. 'चवीपुरतं मीठ' हे शब्द ज्याला चवीचा अंदाज आहे त्याच्यासाठी. ज्याने कधी मीठ घातलेलंच नाही त्याने काय करायचं? बारीक मीठ सपाट लहान चमचाभर घेतलं तर साधारण ६ ग्रॅम भरतं. जाड मीठ तेवढ्याच चमच्यात कमी मावतं, म्हणून कार्डावर 'बारीक मीठ' असंच लिहायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम. तीन वेळच्या जेवणाचं साडेचार झालं. तेव्हा प्रत्येक कार्डावर पाव चमचा, सपाट. कुणाला आळणी लागलं तर वरून चिमूटभर घेईल, आधीच जास्त पडलेलं मात्र काढता येत नाही.

८ मार्च

पहिली चाचणी काकांकडे. पदार्थ: उकडलेलं अंडं.

चाचणीचा नियम असा: कार्ड त्यांच्या हातात, मी कोपऱ्यात स्टुलावर, तोंड बंद. ते जे विचारतील ते लिहून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक प्रश्न म्हणजे कार्डातलं एक भोक. गप्प बसणं मला फार जड गेलं. समोर माणूस अडलेला असताना न बोलणं स्वभावात नाही.

अकरा प्रश्न आले. चार वाक्यांच्या कार्डावर अकरा! पाणी किती घ्यायचं, अंडं धुवायचं का, झाकण ठेवायचं का. सगळ्यात महत्त्वाचा सातवा: "बुडबुडे आले. ही उकळी का?"

मी कार्डावर 'पाणी उकळलं की' एवढंच लिहिलं होतं. काकांना पातेल्याच्या बुडाला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसले आणि त्यांनी अंडं सोडलं. त्यात त्यांची काय चूक? ते बुडबुडेच होते. घरी येऊन पाण्याजवळ उभा राहिलो आणि जे दिसलं ते लिहून काढलं. आधी बुडाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात, हलत नाहीत. मग ते सुटून वर येऊ लागतात, पाण्याचा आवाज वाढतो. शेवटी सगळं पाणी खालून वर ढवळलं जातं आणि चमचा फिरवला तरी बुडबुडे थांबत नाहीत. हे आधण. कार्डावर आता शेवटचं वाक्य आहे: 'चमचा फिरवूनही बुडबुडे थांबले नाहीत की अंडं सोडा.'

वेळा, फ्रिजमधून काढलेल्या मध्यम अंड्याच्या: बलक ओला हवा तर ७ मिनिटं, मऊ पण बसलेला हवा तर १०, घट्ट हवा तर १२. लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं येतं. पांढऱ्या भागातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते होतं. खाल्लं तर अपाय नाही, पण नवशिका घाबरतो, म्हणून कार्डाच्या तळाशी एक ओळ दिली. सोलताना टवके निघत असतील तर अंडं अगदी ताजं असण्याची शक्यता जास्त, आठवडाभर ठेवलेलं सहज सोलतं. तेही लिहिलं, कारण टवके निघाले तेव्हा काकांना तो स्वतःचाच दोष वाटला होता.

९ मार्च

भाचीनेही तेच कार्ड वापरलं. दहा मिनिटांनी तिचा बलक अजून मधोमध ओला. ती राहते ती जागा बरीच उंचावर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणजे दीड हजार मीटरवर ९५ अंशांच्या आसपास. गॅस कितीही मोठा केला तरी पाणी त्यापुढे तापत नाही. कार्डावर भर: 'उंचावर राहत असाल तर पहिल्यांदा दोन मिनिटं जास्त ठेवून, कापून बघा.'

१३ मार्च

भात. मला हे कार्ड सगळ्यात सोपं वाटलं होतं.

एका माणसाला ७५ ग्रॅम तांदूळ, १८० मिलिलिटर पाणी. काकांचा भात नीट झाला. भाचीला मैत्रीण येणार होती म्हणून तिने दोन्ही मापं दुप्पट केली आणि भात गिच्च झाला. फोनवर मला आधी पटेना. मग घरी तीन वेळा करून पाहिलं तेव्हा उलगडलं. तांदूळ साधारण स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी पितो. उरलेलं पाणी वाफ होऊन जातं, आणि वाफ किती जाईल हे पातेल्यावर, झाकणावर आणि वेळेवर ठरतं. तांदूळ दुप्पट झाला म्हणून वाफ दुप्पट जात नाही. माझ्या पातेल्यात १५० ग्रॅम तांदळाला ३६० ऐवजी २८० मिलिलिटर पाणी बरोबर बसलं. कार्डावर आता दोन ओळी: एकासाठी इतकं, दोघांसाठी इतकं. 'दुप्पट करा' असं कुठेही नाही.

दुसरी अडचण झाकणाची. कार्डावर 'बारा मिनिटं झाकण उघडू नका' असं होतं. काकांनी पाच वेळा उघडलं. आत काय चाललंय ते दिसत नसताना माणसाने हातावर हात ठेवून कसं बसायचं? मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी काकांनीच तोड काढली. पातेल्याजवळ कान नेऊन म्हणाले, "आता आवाज बदलला." खरंच बदलला होता. आधी खदखद, मग बारीक फुसफुस, मग पाणी संपत आलं की बुडाशी हलकी तडतड. त्या तडतडीला गॅस बंद करायचा आणि झाकण न काढता दहा मिनिटं ठेवायचं. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकतोय, पण शब्दांत कधी पकडला नव्हता.

उरलेल्या भातासाठी चौकट आखली, कारण इथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून उरलेला भात ताटात पसरून निववायचा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करून संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यायचा. जीव तुटतो, पण टाकायचा.

१८ मार्च

आज कांदा. ज्या प्रश्नावरून हे सुरू झालं त्याला आज हात घातला.

एक कांदा, सोलून १५० ग्रॅम. अर्ध्या सेंटीमीटरहून थोड्या बारीक चिरा. एक मोठा चमचा तेल. घड्याळ लावून शेगडीपाशी उभा राहिलो. काचेसारखा दिसायला लागला: ६ मिनिटं. कडा सोनेरी: ११ मिनिटं. सगळा तांबूस: १९ मिनिटं. गडद, गोड, जवळजवळ मुरंब्यासारखा व्हायला चाळीसच्या वर. पाच मिनिटांत तांबूस कांदा माझ्याकडून एकदाही झाला नाही. पुन्हा केला, तेच. तिसऱ्यांदा आच वाढवून केला तर कडा काळ्या आणि मधला भाग कच्चा, म्हणजे भाचीचं झालं होतं अगदी तेच.

कारण साधं आहे. कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. कढईत पाणी आहे तोवर कांदा १०० अंशांच्या आसपासच राहतो. तांबूस रंग आणि तो भूक चाळवणारा वास येतो ती प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, त्याचंच नाव तिला मिळालं. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. त्यात घाई चालत नाही. कढईत दाटी केली तर वाफ अडकते आणि कांदा नुसता वाफवला जातो.

मला या खोट्या पाच मिनिटांचा मनापासून राग आला आहे. लिहिणाऱ्याला कदाचित आपली सवय पाच मिनिटांची वाटत असेल. वाचणारी मुलगी मात्र रिकाम्या खोलीत उभी राहून स्वतःला नावं ठेवते. कार्डावर खऱ्या वेळा लिहायच्या. आणि अर्ध्या तासात बसवायचं असेल तर कांदा तांबूस करायला सांगायचंच नाही, काचेसारखा झाला की पुढे जायचं. चव थोडी वेगळी येते, वाईट नाही येत.

आता आच. काकांच्या शेगडीची मध्यम खूण आणि माझी मध्यम खूण यात फरक आहे. भाचीच्या शेगडीची सर्वांत बारीक आच माझ्या मध्यमएवढी आहे. मग 'मध्यम' या शब्दाला अर्थच काय उरला? काकांचं भाताचं कानाने ओळखणं इथे उपयोगी पडलं. तेल घालून कढई तापवायची आणि कांद्याची एक चीर टाकायची. काहीच आवाज नाही: आच कमी, थांबा. बारीक पावसासारखा एकसारखा चर्र आवाज: हीच हवी. तडतडून तेल उडतंय किंवा धूर दिसतोय: जास्त, गॅस बारीक करा. रात्री भाचीला फोनवर हे सांगितलं, तिने फोन कढईजवळ धरला. दोघांनी मिळून तिची 'मध्यम' शोधली आणि तिने शेगडीच्या बटणाजवळ नखरंगाचा ठिपका दिला.

सगळ्या कार्डांवरून 'मध्यम आच' हे शब्द खोडले. 'पावसासारखा आवाज' असं लिहिलं.

२१ मार्च

सुरी. फळीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. कांदा आधी उभा अर्धा कापून सपाट बाजू खाली. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवलेली, सुरीचं पातं बोटांच्या पेराला टेकून. बोथट सुरी जास्त धोक्याची, जोर लावावा लागतो आणि ती घसरते.

एक कांदा चिरायला मला सव्वा मिनिट, भाचीला ४, काकांना साडेसात. हा आकडा बघून मी आठही कार्डं पुन्हा मोजली. 'वीस मिनिटांत' वाटणारी दोन कार्डं काकांच्या हातात पंचेचाळीसला गेली असती. आता एका कार्डावर जास्तीत जास्त एक कांदा आणि चिरायच्या दोनच भाज्या.

२५ मार्च

मसूर डाळ फसली. भाचीने डाळीबरोबरच बटाट्याच्या फोडी, टोमॅटो आणि लिंबाचा रस पाण्यात घातला. सगळं एकदम टाकलं की वेळ वाचेल, हा तिचा विचार आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण पस्तीस मिनिटांनीही बटाटा दाताखाली करकरत होता आणि डाळीचा दाणा फुटला नव्हता. आंबटपणामुळे भाज्या आणि कडधान्यांच्या पेशी एकमेकांना धरून ठेवणारा भाग विरघळत नाही, त्यामुळे ती मऊ व्हायला फार वेळ लागतो. तिने डाळ जुनी असेल म्हणून दुकानदाराला दोष दिला. मी क्रम बदलून तीच डाळ करायला सांगितली: १८ मिनिटांत मऊ.

कार्ड: ७० ग्रॅम सोललेली लाल मसूर, धुऊन, ३५० मिलिलिटर पाण्यात. वरचा फेस काढायचा. दाणा दोन बोटांत सहज चुरला की मगच मीठ, टोमॅटो, लिंबू. खरं तर मीठ आधी घातलं तरी बिघडत नाही, बिघडवतं ते आंबट. पण एकच नियम लक्षात राहतो म्हणून सगळं शेवटी.

शेवटी फोडणी: एक मोठा चमचा तेल, अर्धा लहान चमचा जिरे. जिरे फुलले की बारीक चिरलेला लसूण, आणि त्यानंतर फक्त तीस सेकंद. लसूण डोळ्यांदेखत करपतो आणि कडवट होतो. मसाल्यांचा सुगंध तेलात उतरतो तसा पाण्यात उतरत नाही, म्हणून ही दोन मिनिटं वाचवायची नाहीत. काकांनी फोडणी डाळीवर ओतली आणि धूर बाहेर टाकणारा पंखा बंद केला. "वास राहू दे जरा," म्हणाले.

राजमा कार्डात घ्यायचा मोह झाला होता, पण तो बाद. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने जोरदार उलट्या होतात. तो भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावा लागतो. मंद आचेवर कोमट ठेवून तो सुरक्षित होत नाही. पहिल्या आठ पदार्थांत ही जोखीम नको.

२८ मार्च

बटाटा-कांदा. बटाट्याच्या २ सेंटीमीटरच्या फोडी, गार पाण्यात टाकून उकळी आल्यावर ८ मिनिटं, निथळून, मग कढईत. पूर्ण कोरड्या करून, एका थरात, आणि चार मिनिटं उलथनं लावायचं नाही. न ढवळण्याने खरपूस बाजू मिळते. काकांना ढवळल्याशिवाय चैन पडत नव्हतं, त्यांना मी कांदा सोलायला दिला. हिरवट पडलेला बटाटा घ्यायचा नाही. त्यातलं सोलानिन नावाचं विष शिजवून जात नाही.

३० मार्च

चाचणी नाही. पाच कार्डं पुन्हा लिहिली.

२ एप्रिल

भुर्जीसारखी परतलेली दोन अंडी. भाचीला पहिल्याच फेरीत जमलं. एकच सूचना महत्त्वाची: अंडं अजून किंचित ओलं चमकतंय तेव्हाच गॅस बंद. पांढरा भाग ६२ अंशांपासून आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो. कढईतली उष्णता उरलेलं काम करते. नॉनस्टिक भांडं रिकामं तापवत ठेवायचं नाही, हे ठळक केलं.

६ एप्रिल

भाज्यांचं सूप. चव नाही, म्हणून काकांनी मीठ घातलं. तरी चव नाही, आणखी मीठ. मग खारट झालं, तरी बेचवच. पहिल्या चमच्यालाच कळलं की मीठ पुरेसं होतं, आंबट काहीच नव्हतं. दुसऱ्या पातेल्यात पाव चमचा मिठावर अर्ध्या लिंबाचा रस घातला आणि काकांना दोन्ही वाट्यांतून प्यायला दिलं. त्यांनी दुसरी वाटी संपवली.

कार्डावर क्रम: चाखा. फिकं लागलं तर आधी लिंबू थोडं पिळा, पुन्हा चाखा, मग मीठ.

खारट झालेल्या पातेल्यात कच्चा बटाटा टाकून पाहिला, कारण हा उपाय मला लहानपणापासून सांगितला गेला आहे. बटाट्याने पाणी ओढलं, पण ते तेवढंच खारट पाणी. उरलेलं सूप जितकं खारट होतं तितकंच राहिलं. उपाय एकच: पाणी किंवा बिनमिठाची भाजी वाढवणं.

१० एप्रिल

पास्ता. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, पाण्यात ७ ग्रॅम मीठ. बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतलं जातं, म्हणून इथे पाव चमच्याचा नियम लागू नाही आणि सॉसमध्ये वेगळं मीठ नाही. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक तुकडा चावून बघायचा. निथळण्याआधी अर्धी वाटी पाणी बाजूला: त्यात पिष्ट असतं, त्याने टोमॅटोचा सॉस पास्त्याला धरून राहतो. काकांनी ते पाणी विसरून मोरीत ओतलं. कार्डाच्या पहिल्याच ओळीत आता 'चाळणीत वाटी ठेवा' असं आहे. चाळणी उचलायला गेलं की वाटी दिसते आणि आठवण होते.

१४ एप्रिल

रात्री साडेनऊला भाचीचा फोन, आवाज कापत होता. कढईत तेल तापत ठेवून ती फोनवर बोलायला गॅलरीत गेली. परत आली तेव्हा दाट धूर आणि कढईच्या कडेला ज्वाळा. तिने गॅस बंद केला आणि झाकण सरकवून ठेवलं. मग तासभर झाकण उचललं नाही. सगळं ठीक आहे.

तिला हे मी सहज बोलण्यात सांगितलं होतं, कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं असतं तर? हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधीचं शून्य क्रमांकाचं कार्ड लिहिलं. जळत्या तेलावर पाणी कधीही नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, क्षणात वाफ होतं, वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, आणि पेटलेलं तेल उडून अंगावर, पडद्यावर येतं. गॅस बंद, झाकण, भांडं हलवायचं नाही. आग झाकणात मावत नसेल तर बाहेर पडून मदत बोलवायची. तेल तापत असताना शेगडी सोडायची नाही.

त्याच कार्डाच्या मागे जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सांगितलेल्या पाच गोष्टी, माझ्या शब्दांत: हात आणि ओटा स्वच्छ, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, अन्न आतपर्यंत नीट शिजलेलं, गरम ते गरम आणि गार ते गार (शिजलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नाही), पाणी आणि सामान चांगलं.

१९ एप्रिल

आठवं कार्ड: कालचा भात, एक कांदा, एक भाजी, एक अंडं. यात नवीन काहीच शिकायचं नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं. कांद्याचा आवाज, भाजी एका थरात, अंडं ओलसर असताना भात. गार भाताचे दाणे सुटे असतात, ताज्या भाताचा लगदा होतो. भात पूर्ण वाफाळेपर्यंत परतायचा, ती चौकट इथेही आहे.

काकांचे प्रश्न: दोन. भाजी कोणती, आणि तुम्हीही जेवणार का. दुसरा प्रश्न कार्डातला नव्हता. जेवलो.

२७ एप्रिल

गेले सात दिवस मी कुणाकडे गेलो नाही. दोघांनी आपापलं करून वहीत लिहायचं होतं.

भाची सातपैकी पाच दिवस घरी जेवली. डाळ-भात दोनदा, अंडी दोनदा, पास्ता एकदा. दोन दिवस थकली होती, केलं नाही. पाचही वेळा अर्ध्या तासाच्या आत. सूप एकदाही नाही: "मामा, त्याने पोट भरत नाही." मान्य. सूपच्या कार्डात मूठभर मसूर घालून बघायची.

काकांनी सहा दिवस केलं. सलग तीन दिवस बटाटा-कांदा. त्यांची कार्डं परत घेतली तेव्हा सगळीकडे पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. भाताच्या कार्डावर '१२ मि.' खोडून '१४, माझं पातेलं'. फोडणीवर 'चष्मा काढू नये'. कांद्यासमोर त्यांच्या बटणाचं छोटं चित्र आणि बाणाने दाखवलेली जागा. डाळीच्या कार्डावर लिंबाच्या जागी एक आमसूल, आणि शेजारी काकूंचं नाव.

कार्डांवर हे सगळं समासात कोंबलेलं आहे, काही ठिकाणी माझ्या छापलेल्या ओळींवरच. उद्या: जाड कागद आणायचा, आणि प्रत्येक कार्डाच्या उजवीकडे चार सेंटीमीटरची पट्टी कोरी सोडायची, पेन्सिलीसाठी.